एक रॅम जुनी, एक नवी

संगणक हळू चालतो म्हणून रॅम वाढवली, आणि वाढवल्यापासून तो हळूसुद्धा चालेना. कर्जतच्या दहिवलीत दुरुस्तीला येणाऱ्या डेस्कटॉपांच्या मालकांचं एक नेहमीचं रडगाणं हेच. "दादा, काल रॅम टाकली, आज डिस्प्लेच नाही." कुणाकडे डिस्प्ले येतो, पण तासाभराने निळा पडदा दिसतो. कुणाकडे सगळं सुरळीत असतं, फक्त आठ आणि चार मिळून बारा जीबी दिसायला हवी तिथे आठच दिसते. मूळ बहुधा एकच असतं. जुन्या रॅमशेजारी येऊन बसलेली नवी रॅम तिच्याशी किंवा मदरबोर्डाशी जुळत नाही.

आपल्या भागात हा प्रकार जरा जास्त दिसतो, आणि त्याला कारण आहे. उल्हास नदीच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, डेस्कटॉप आज मुख्यतः दुकानांत उरले आहेत. झेरॉक्सवाले, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणारे डीटीपीवाले, सातबारा आणि दाखल्यांचे ऑनलाइन अर्ज भरणारे, टॅलीवर हिशेब ठेवणारे. यातली पुष्कळ यंत्रं मुंबईतल्या कंपन्यांनी काढून टाकलेली, सेकंडहँड घेतलेली. नवा संगणक परवडत नाही, तेव्हा आहे त्यातच भर घालायची. त्यात २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव चढले. एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले आणि साध्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला महागाई आली. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला ‘क्रुशियल’ हा किरकोळ बाजारातला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत जुनी स्टिक काढून टाकून नवी जोडी घ्या, हा पुस्तकी सल्ला कोण ऐकणार? लोक मिळेल ती स्टिक मिळेल त्या स्टिकशेजारी बसवणारच.

बसवायला माझी हरकत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या क्षमतेच्या दोन स्टिक वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने चालताना दिसतात. मात्र कोणता फरक चालतो आणि कोणता चालत नाही, हे आधी कळलं पाहिजे. दुकानदार "सगळी सारखीच असते हो" म्हणतो, तेव्हा त्याला फक्त जीबीचा आकडा दिसत असतो.

अजिबात न चालणारा फरक म्हणजे पिढीचा. डीडीआर-२, डीडीआर-३, डीडीआर-४, डीडीआर-५ या चार पिढ्या बाजारात आणि अडगळीत सापडतात. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्हींना २४० पिना, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन्हींना २८८, त्यामुळे नुसतं बघून फसायला होतं. पण खालच्या सोनेरी पट्टीतली खाच प्रत्येकीची वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं असतं. डीडीआर-२ ला १.८, डीडीआर-३ ला १.५, डीडीआर-४ ला १.२, डीडीआर-५ ला १.१ व्होल्ट. खाच जुळत नसेल तर तो विषय तिथेच संपला. जोर लावून बसवू बघणारे भेटतात, आणि मग रॅमबरोबर स्लॉटही जातो. लॅपटॉपची रॅम लांबीला जवळजवळ निम्मी असते, ती डेस्कटॉपमध्ये बसत नाही.

तुमच्या संगणकात कोणती पिढी आहे याचा ढोबळ अंदाज प्रोसेसरवरून येतो. इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीला डीडीआर-३. सहावीपासून अकरावीपर्यंत बहुतेक ठिकाणी डीडीआर-४, पण सहावी-सातवीत डीडीआर-३ चे बोर्डही निघाले होते. बारावी ते चौदावीत बोर्डानुसार चार किंवा पाच. एएमडीच्या एएम-४ सॉकेटला डीडीआर-४, एएम-५ ला फक्त डीडीआर-५. जुन्या जी-४१ बोर्डांपैकी काहींवर डीडीआर-२ आणि डीडीआर-३ असे दोन्ही प्रकारचे स्लॉट शेजारी शेजारी असत. तिथे दोन्ही प्रकार एकदम भरून टाकायचा मोह होतो, पण एका वेळी एकच प्रकार चालतो.

खरी गंमत याच्या पुढे आहे. पिढी तीच, जीबी तितकीच, वेगाचा आकडाही तोच, तरी एक स्टिक चालते आणि दुसरी चालत नाही. इथे स्टिकर वाचायला लागतो. जुन्या ब्रँडेड संगणकातून निघालेली सॅमसंग किंवा हायनिक्सची स्टिक हातात घ्या. पांढऱ्या कागदावर बारीक अक्षरांत साधारण असं छापलेलं असतं: ‘४ जीबी २आर×८ पीसी३-१२८००यू-११’. यातला पीसी३ म्हणजे डीडीआर-३. पीसी३ ला जोडून ‘एल’ असेल तर ती १.३५ व्होल्टवरही चालणारी. १२८०० ला आठाने भागा, १६०० हा वेग मिळेल. १०६०० असेल तर १३३३, डीडीआर-४ वर २१३०० असेल तर २६६६. आठाने का, तर एका फेरीत चौसष्ट बिट म्हणजे आठ बाइट जातात. कंपन्यांच्या डीडीआर-४ स्टिकवर बहुतेक वेळा भागाकाराची गरज पडत नाही, ‘पीसी४-२४००टी’ असं सरळच लिहिलेलं असतं.

वेगानंतरचं अक्षर फार महत्त्वाचं. डीडीआर-३ वर ते आकड्याला चिकटून येतं, डीडीआर-४ वर पुढच्या आडव्या रेघेनंतर. ‘यू’ असेल तर ती साध्या डेस्कटॉपची रॅम. ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची. या दोन पिढ्यांची सर्व्हरची रॅम स्लॉटमध्ये नीट बसते, खाचही जुळते, पण साध्या डेस्कटॉपवर डिस्प्ले येत नाही. जुन्या बाजारात ती स्वस्त मिळते याचं कारण हेच. ‘१६ जीबी, अर्ध्या भावात’ असं कुणी म्हणालं तर पैसे काढण्याआधी हे एक अक्षर बघा.

‘२आर×८’ मधला दोन म्हणजे रँक, सोप्या भाषेत चिपांचे दोन गट. आठ हा आकडा प्रत्येक चिप एका वेळी किती बिट देते ते सांगतो. चौसष्ट बिट भरायला आठ चिपा लागतात, दोन गट म्हणजे सोळा चिपा, पुढे आठ आणि मागे आठ. १आर×८ म्हणजे एकाच गटाच्या आठ. आता समजा दोन्ही स्टिक चार जीबीच्या आहेत. एकीवर सोळा चिपा आहेत, दुसरीवर आठच. म्हणजे दुसरीची प्रत्येक चिप दुप्पट क्षमतेची. जुन्या बोर्डाच्या मेमरी कंट्रोलरला एवढी मोठी चिप ओळखताच येत नाही. जी-४१ बोर्डावर चार जीबीची सोळा चिपांची जुनी डीडीआर-३ चालते आणि आठ चिपांची नवी चालत नाही, ते यामुळे. एच-६१ बोर्ड आपल्याकडे अजून ढिगाने आहेत. त्यांच्यावर आठ जीबीची सोळा चिपांची स्टिक चालते, आठच चिपांची आठ जीबी मात्र त्यांना पेलत नाही. चिपा मोजायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही, दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्या मोजता येतात.

याच जातीची आणखी एक फसगत आहे. आठ जीबी डीडीआर-३, नवी कोरी दिसणारी, भाव कमी, आणि माहितीत कुठेतरी कोपऱ्यात ‘फक्त एएमडीसाठी’ असं लिहिलेलं. या स्टिकवर आर×४ रचनेच्या चिपा असतात. त्या मुळात सर्व्हरसाठी बनतात. एएमडीच्या काही जुन्या बोर्डांना त्या चालतात, इंटेलच्या डेस्कटॉपला नाही. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी तो कोपरा नक्की वाचावा.

वेगाच्या फरकाची मात्र उगाच भीती बाळगू नका. २६६६ ची स्टिक आणि ३२०० ची स्टिक शेजारी बसवली तर दोन्ही २६६६ वर चालतात. कर्जतच्या प्रवाशाला हे समजावून सांगायला नको. पुढे स्लो लोकल असली की त्याच रुळावरची मागची फास्टही स्लोच होते. तोटा होतो तो वेगाचा, संगणक बंद पडत नाही. बंद पडतो तेव्हा बहुतेक वेळा कारण एक्सएमपी असतं. ३२००, ३६०० असे मोठे आकडे खोक्यावर छापलेल्या कित्येक स्टिक मुळात २१३३ किंवा २६६६ वर सुरू होतात आणि वरचा वेग बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्यावर मिळतो. जुन्या स्टिकसाठी एक्सएमपी चालू होतं, शेजारी नवी आली, तिला ते जमेना, झालं. एक्सएमपी बंद केल्यावर निम्म्या तक्रारी तिथल्या तिथे मिटतात. गेम खेळणारी पोरं नाक मुरडतील, पण लग्नपत्रिका २४०० वर तितक्याच सुबक छापल्या जातात.

आता शोधायचं कसं ते पाहू. कॅबिनेट उघडण्याआधी दोन कामं करा. पहिलं, महत्त्वाच्या फाइली पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. बिघडलेली रॅम डिस्कवरच्या फाइलीही गुपचूप बिघडवते, कारण प्रत्येक फाइल डिस्कवर जाण्याआधी रॅममधून जाते. टॅलीचा डेटा किंवा गिऱ्हाइकांची डिझाइनं असतील तर यात आळस नको. दुसरं, फॉरमॅट मारू नका. ‘विंडोज नवीन टाकून बघू’ हा आपल्याकडच्या दुरुस्तीचा पहिला उपाय झाला आहे. रॅम खराब असेल तर नवी विंडोज टाकतानाच फाइल कॉपी होत नसल्याची एरर येते, आणि आली नाही तर खराब रॅमवर बसवलेली विंडोज महिनाभरात पुन्हा कुरकुर करते.

वायर सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग कॅबिनेटचं पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, उरलेली वीज निघून जाते. रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. पावसाळ्यात दमट हवेमुळे अंगावर स्थिर वीज फारशी साठत नाही, पण डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत, अंगात स्वेटर असताना, ती चिपला मारण्याइतकी साठते. स्टिक नेहमी कडांना धरा, सोनेरी पट्टीला बोट नको.

पट्टीकडे नीट बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, तशी ती कॅबिनेटमध्येही शिरते. सोनेरी पट्टीवर मळकट, तपकिरी थर दिसला तर रॅम जुळत नाही की नुसती मळली आहे हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. प्रत्येक रिपेअरवाला इथे खोडरबर काढतो. पद्धत वाईट नाही, पण खोडरबर मऊ, पांढरा घ्या. शाईचा खरखरीत नको, तो सोन्याचा पातळ मुलामा खरवडून काढतो. घासताना हात एकाच दिशेने, आतून कडेकडे चालवा आणि नंतर रबराचा चुरा ब्रशने पूर्ण झाडा. तोच चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवा बिघाड. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर खोडरबरापेक्षा ते बरं. सुती कापडावर थोडं घ्या, पुसा, वाळू द्या. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. स्लॉटमध्ये कोरडा मऊ टूथब्रश फिरवा. फुंकर मारू नका, तोंडातून थुंकीचे कण जातात. अधूनमधून स्लॉटमध्ये झुरळाचे अवशेषही सापडतात, तेव्हा दचकू नका.

स्वच्छता झाली की नवी स्टिक बाजूला ठेवा आणि जुनी एकटी, तिच्या मूळ स्लॉटमध्ये बसवा. दोन्ही टोकांची क्लिप टक् आवाज करून बसली पाहिजे. काही बोर्डांवर एकाच बाजूला क्लिप असते, तिथे दुसरं टोक अर्धवट वर राहतं आणि लक्षात येत नाही. संगणक पूर्वीसारखा सुरू झाला तर बाकी यंत्र ठीक आहे. आता जुनी काढा आणि त्याच स्लॉटमध्ये नवी एकटी बसवा. इथे निकाल लागतो. नवी एकटीही चालली नाही, तर ती खराब आहे किंवा बोर्डाला पेलत नाही. ती दुसऱ्या, तिला चालेल अशा संगणकात लावून बघा. तिथे चालली तर दोष स्टिकचा नाही, ती तुमच्या बोर्डाला पेलत नाही. दोन्ही एकेकट्या चालतात आणि जोडीने चालत नाहीत, तेव्हाच ‘जुळत नाही’ हा शब्द वापरायचा. आणि तोही लगेच नाही. दुसरा स्लॉट तरी चांगला आहे का? जुनी स्टिक आता दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटी बसवून बघा. दुसऱ्या स्लॉटमध्ये चांगली स्टिकही चालत नसेल तर रॅमला दोष देण्यात अर्थ नाही.

स्लॉट मेल्यासारखा वाटला तरी तो खरोखर मेलेला असतोच असं नाही. इंटेलच्या बोर्डांवर पिना प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये असतात. प्रोसेसर काढून पेस्ट लावताना त्यातली एखादी वाकली की रॅमचा अख्खा एक चॅनल, म्हणजे प्रोसेसरशी जोडणारा एक रस्ता, जातो. कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले तरी असं होतं. "मागच्या महिन्यात पेस्ट लावून घेतली होती का?" हा प्रश्न मी म्हणूनच हमखास विचारतो.

चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक कुठे बसवायच्या यावरूनही घोळ होतो. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, ही जोडी योग्य. काही ब्रँडेड संगणकांत क्रम वेगळा असतो आणि तो झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला असतो, तोच प्रमाण माना. दोघी एकाच चॅनलवर शेजारी शेजारी बसवल्या तर संगणक चालतो, पण दुहेरी चॅनलचा फायदा मिळत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात तो फरक जाणवतो. आठ आणि चार अशी विषम जोडी असली तरी फायदा पूर्ण जात नाही. इंटेलचे बोर्ड दोन्हींतले चार-चार जीबी दुहेरी चालवतात आणि उरलेले चार एकेरी.

जोडी बसवून डिस्प्ले आला नाही तर यंत्र काय सांगतं ते ऐका, बघा. लांब लांब बीप सतत येत असतील तर पुष्कळ बोर्डांवर त्याचा अर्थ रॅम सापडली नाही असा असतो. डेलच्या २०१७ च्या आसपासच्या आणि नंतरच्या ऑप्टिप्लेक्समध्ये पॉवर बटणच बोलतं. नारिंगी दोनदा आणि पांढरा तीनदा लुकलुकला तर रॅम सापडलीच नाही. दोन आणि चार म्हणजे रॅम खराब. दोन आणि पाच म्हणजे बसवलेली रॅम या यंत्राला चालणारी नाही. नव्या बोर्डांवर डीरॅम नावाचा बारीक दिवा असतो, तो अडकून राहिला की मामला रॅमचा. मात्र एएम-५ आणि डीडीआर-५ चं नवं यंत्र असेल तर घाई करू नका. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना ते काही मिनिटं काळ्या पडद्यावर थांबतं आणि स्वतःशी मेमरीची जुळणी करत बसतं. लोक घाबरून बटण दाबून बंद करतात आणि ती जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. अशा यंत्रात चार स्टिक भरायचाही हट्ट नको. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दोन स्टिकला ५२०० चा वेग दिला आहे, चार भरल्या की तो ३६०० वर येतो.

पुढची पायरी बायोस. बोर्डावरची नाण्यासारखी सीआर-२०३२ बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा म्हणजे जुनी सेटिंग विसरली जाते. ती बॅटरी जुनी असेल तर या निमित्ताने नवीच टाका. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी बंद आहे ना ते बघा, आणि तरी जोडी स्थिर होत नसेल तर वेग एक पायरी खाली घ्या, ३२०० ऐवजी २९३३, २६६६ ऐवजी २४००. व्होल्टेज वाढवण्याचे प्रयोग यूट्यूबवर बघून करू नका. बायोस अपडेटने काही वेळा नवी रॅम ओळखली जाते, हे खरं. पण ते यूपीएसशिवाय करायचं नाही, आणि पावसाळ्यात तर नाहीच. अपडेट अर्धवट असताना लाइट गेली तर रॅमचा प्रश्न मिटेल, कारण बोर्डच उरणार नाही.

संगणक सुरू झाला म्हणजे काम झालं असं नाही. मेमटेस्ट८६ नावाचं मोफत साधन पेन ड्राइव्हवर टाका, त्यावरून यंत्र सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. निदान चार फेऱ्या व्हायला हव्यात. एकही चूक दाखवली तरी ती जोडी नापास. ‘एकच तर एरर आली’ असं म्हणून सोडून देऊ नका. ती एक चूक उद्या टॅलीच्या एखाद्या आकड्यात बसेल. विंडोजमध्ये स्वतःची मेमरी तपासणी असते, ती प्राथमिक तपासणीला ठीक, पण सूक्ष्म बिघाड तिच्या नजरेतून निसटतात. चूक आली तर एकेक स्टिक वेगळी तपासा म्हणजे दोषी कोण ते कळेल. दोघी एकेकट्या निर्दोष आणि जोडीने चूक, तर वेग खाली आणून पुन्हा तपासा.

पूर्ण रॅम दिसत नाही ही तक्रार वेगळ्या वाटेने जाते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी उघडा. किती स्लॉट भरले आहेत आणि कोणत्या वेगाने चालत आहेत ते तिथे दिसतं. सीपीयू-झेड वापरत असाल तर त्यात वेग निम्मा दिसतो, २६६६ च्या जागी १३३३, त्याने गोंधळू नका. आठपैकी थोडी कमी दिसत असेल तर ती ग्राफिक्सने घेतलेली असते. बारापैकी आठच दिसत असेल तर एक स्टिक नीट बसलेली नाही किंवा ओळखली गेलेली नाही. एमएसकॉन्फिगमध्ये बूटच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्झिमम मेमरी’ची चौकट कुणी टिचकवून ठेवली आहे का तेही बघा. संगणक वेगवान करण्याच्या उपायांत ही चौकट हौशी लोक टिचकवतात आणि विसरतात.

आणि डीटीपीवाल्यांसाठी खास. आपल्याकडे कित्येक डीटीपीची यंत्रं अजून विंडोज ७ च्या ३२ बिट आवृत्तीवर आहेत, कारण जुनं श्रीलिपी, त्याचा डोंगल आणि जुनं कोरलड्रॉ तिथे बिनतक्रार चालतं आणि वर्षांचा डेटा त्यातच आहे. ३२ बिट विंडोजला चार जीबीच्या आतलीच रॅम वापरता येते, प्रत्यक्षात सव्वातीनच्या आसपास. तिथे आठ काय नि सोळा काय, जास्तीचे पैसे वाया. हे आधी बघा, माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं. अशा यंत्राचं काम हलकं करायचं तर रॅमऐवजी एसएसडी टाका, फरक डोळ्यांना दिसेल.

एवढं करूनही जोडी जमत नसेल तर ती मोडा. जिची क्षमता जास्त ती एकटी ठेवा. बारा जीबीचं हँग होणारं यंत्र गिऱ्हाईक समोर उभं असताना काही कामाचं नाही, आठ जीबीचं न अडखळणारं आहे. खरोखर जास्त रॅम हवी असेल तर एकाच खोक्यातली जोडी घ्या. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन सुट्या स्टिकही आतून सारख्या असतीलच असं नाही, कारण कंपन्या मधल्या काळात चिपा बदलतात. कॉर्सेअरच्या स्टिकरवर त्यासाठी आवृत्ती क्रमांक असतो. पहिला आकडा ३ असेल तर मायक्रॉनची चिप, ४ असेल तर सॅमसंग, ५ असेल तर हायनिक्स. सुटी स्टिक घ्यायचीच असेल तर तो आकडा जुळवून घ्या.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला जाणार असाल, म्हणजे दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, तर घरून निघण्यापूर्वी जुन्या स्टिकच्या दोन्ही बाजूंचे आणि मदरबोर्डावर छापलेल्या मॉडेल नंबराचे फोटो मोबाइलमध्ये घ्या. शक्य असेल तर स्टिकच बरोबर न्या. ‘८ जीबी द्या’ एवढंच म्हटलं तर दुकानदार त्याच्या हाताशी असेल ती देईल, त्यात त्याचा दोष नाही. कर्जत ते मुंबई असा फेरा दुसऱ्यांदा घालायचा नसेल तर बिलावर स्टिकचा क्रमांक आणि ‘चालली नाही तर आठ दिवसांत बदलून’ हे शब्द लिहून घ्या. तोंडी आश्वासन गल्ल्यापाशीच राहतं. नामांकित कंपन्या रॅमवर लांब मुदतीची वॉरंटी देतात, पण स्टिकर फाटला की ती जाते, तेव्हा पट्टी पुसताना कागदाला अल्कोहोल लागू देऊ नका.

उरलेली चांगली स्टिक चांदीरंगी पिशवीत ठेवा आणि पिशवीवर पिढी, क्षमता, वेग लिहा. मेमटेस्टमध्ये नापास झालेल्या स्टिकवर मात्र मार्करने ठळक काट मारा आणि ती ई-कचऱ्यात द्या. खणात तशीच ठेवलीत तर दोन वर्षांनी कुणीतरी ती पुन्हा चालू संगणकात बसवेल.